दिंडीच्या उजेडाची वही : टेंभ्यापासून सोलर पॅनलपर्यंत

आपल्या दिंडीत वीणा कुणाकुणाकडे चालत आली, पखवाजाला कोण बसत असे, कोणत्या गावचा मुक्काम कुणाच्या वाड्यात पडे, हे या स्मरणिकेत इतर जाणत्या मंडळींनी लिहिले आहेच. माझ्याकडे उजेडाचा विषय आला. तो ऐकून दोन-चार जण हसले. "वारीत दिवाबत्तीचा कसला आलाय इतिहास?" पण दिंडीच्या जमाखर्चाच्या वह्या एकापुढे एक मांडल्या की तो दिसतो. उजेडाचा खर्च प्रत्येक पिढीत वेगळ्या नावाने पडलेला आहे. आधी तेल आणि चिंध्या. मग रॉकेल, काचा, वाती. मग मेंटल आणि स्पिरिट. पुढे जनरेटरचे भाडे आणि डिझेल. आणि अलीकडच्या वह्यांत तारा, फ्यूज, डिस्टिल्ड वॉटर.

वारीला उजेड लागतो तरी किती, हे आधी पाहू. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त घालून दिली. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आणि पंढरीत एकादशी आषाढ शुद्धात, म्हणजे वाटचालीचा पहिला आठवडा वद्य पक्षात जातो. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज उशिरा उगवत जातो. जेजुरी, वाल्हे, लोणंद या मुक्कामांच्या आसपास अमावास्या येते. फलटणच्या पुढे चंद्रकोर वाढू लागते आणि वाखरीला पोचेपर्यंत रात्र बरीच उजळलेली असते. त्यात भर म्हणजे पुणे-सासवडकडचा हाच पहिला टप्पा पावसाचा. फलटण, नातेपुते, माळशिरस हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला, तिथे आभाळ बऱ्याचदा मोकळे असते. म्हणजे जेव्हा अंधार सर्वांत दाट, तेव्हाच आभाळही भरलेले. जुन्या लोकांना हे अंगवळणी होते. सोलरचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा आम्हाला ते नव्याने शिकावे लागले. तो भाग पुढे येईल.

पहिल्या पिढीत टेंभे होते. लाकडाच्या दांड्याला चिंध्या गुंडाळायच्या, वरून करडईचे किंवा करंजाचे तेल. टेंभा वीणेजवळ असायचा, कीर्तन उभे राहिले की बुवांजवळ. बाकी तळ अंधारात. लोक सूर्य मावळायच्या आत जेवून घेत, कारण अंधारात भाकरीबरोबर काय पोटात जाईल ते सांगता येत नसे.

नंतर रॉकेलचा कंदील आला. आपल्याकडच्या जुन्या वहीत 'प्रभाकर' असा शब्द आहे. नव्या मुलांना ते कुणा माणसाचे नाव वाटले. तो कंदील. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला, त्यांच्या प्रभाकर कंदिलाने परदेशी कंदिलाला मागे सारले. स्वदेशीच्या काळात असा कंदील हातात धरणे ही अभिमानाची गोष्ट होती. कंदिलाने एक केले, उजेड हातात घेऊन चालता येऊ लागला. वाऱ्याने विझेना, पावसाच्या शिंतोड्याने विझेना. कोठीजवळ एक, वीणेजवळ एक, बैलांच्या दावणीजवळ एक. बैलांना कंदील होता हे लक्षात ठेवा.

गॅसबत्तीचा थाटच वेगळा. पेट्रोमॅक्स हे नाव बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्यातून १९१० च्या सुमारास निघाले आणि आपल्या खेड्यापाड्यांत लग्न, तमाशा, कीर्तन सगळीकडे पोचले. तिच्यात वात नसते. हवा भरून रॉकेल दाबाखाली ठेवायचे, स्पिरिटने नळी तापवायची, रॉकेलची वाफ होते आणि ती जळते. प्रकाश ज्वाळेचा नसतो, मेंटलचा असतो. ही मेंटलची युक्ती ऑस्ट्रियातल्या आउअर फॉन वेल्सबाख यांची, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची. थोरियमच्या क्षारात थोडासा सेरियम मिसळून त्यात सुती जाळी बुडवलेली. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाते आणि उरते ती राखेची टोपी, तीच पांढरीशुभ्र तळपते. मात्र राखच ती. बैलगाडीचा एक धक्का, की टोपी खाली. दिवे घाटात गाड्या चढवताना गॅसबत्त्या माणसांनी डोक्यावर घेऊन न्यायची पद्धत पडली ती यामुळे. मेंटलचा खर्च वहीत सासवडच्या तारखेला सर्वांत जास्त का दिसतो, तेही यातच आले.

गॅसबत्तीने कीर्तन लांबले. टेंभ्याच्या काळात तेल संपत आले की बुवा आवरते घेत. गॅसबत्ती पंप मारला की पुन्हा उजळते, त्यामुळे रात्री अकरा वाजले तरी लोक उठत नसत. जुने लोक म्हणायचे, आमच्या वेळेला बुवा बोलायचे तोवर तेल पुरायचं, नंतर तेल पुरायचं तोवर बुवा बोलायला लागले. थट्टा सोडा, पण बत्तीखाली वही धरून अभंग वाचणारी, चाली लिहून घेणारी पोरे त्याच काळात तयार झाली. आज दिंडीत ज्यांच्याकडे पाहून आपण चाल धरतो त्यांतले बरेच जण गॅसबत्तीखाली शिकलेले.

वीज आली ती हळूहळू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वाटेवरच्या गावांत खांब उभे राहिले. तळ मात्र गावाबाहेर, शेतात. मग आकडा. बांबूला तार बांधून वरच्या लाइनवर टाकायची. ओल्या रानात, उघड्या पायांनी, जोड दिलेल्या तारा चिखलातून नेलेल्या. पांडुरंगानेच सांभाळले म्हणायचे, दुसरे काही नाही. पुढे भारनियमनाचे दिवस आले, आकड्यालाही वीज उरली नाही, आणि जनरेटर आला.

जनरेटरबद्दल मी फार गोड बोलणार नाही. त्याने उजेड दिला, माइक चालवला, हे खरे. पण हरिपाठ चालू असताना शेजारी त्याची घरघर, रात्री धूर राहुट्यांत शिरायचा, आणि खर्च असा की दोन-तीन वाऱ्यांत उजेडावरचा खर्च कोठीच्या किराण्याशी बरोबरी करू लागला. शिवाय तो रात्री साडेदहाला बंद. डिझेल वाचवायचे म्हणून. साडेदहानंतर तळ पुन्हा टेंभ्याच्या आधीच्या काळात.

इथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. बरडच्या मुक्कामाला रस्त्याचे रुंदीकरण चालले होते. आपल्या दिंडीतल्या एक मावशी, नाव लिहीत नाही, वयाने साठीच्या पुढच्या, पहाटे तीनच्या सुमारास बाहेर निघाल्या. बायकांना अंधार असतानाच उरकावे लागते, हे पुरुषमंडळींना सांगावे लागते यातच सगळे आले. खोदलेल्या चरात पाय गेला आणि मांडीचे हाड मोडले. त्यांची बावीस-तेवीस वर्षांची वारी त्या चरात थांबली. घरी पोचल्यावर त्यांनी निरोप पाठवला, माझा तुळशीवृंदावनाचा मान धाकट्या सुनेला द्या.

त्या वर्षीच्या हिशेबाच्या बैठकीत आधी जनरेटर मोठा घ्यावा का, अशी चर्चा चालली होती. एरवी बायका बैठकीत मागे बसतात, बोलत नाहीत. त्या दिवशी एक आक्का उठल्या. म्हणाल्या, "मोठ्या मशिनीनं मांडवच मोठा उजळंल. आमच्या वाटंला काय? बैलांना कंदील होता म्हणता, आम्हाला तेवढाबी नाही." कुणालाच उत्तर सुचले नाही. टेंभा, कंदील, गॅसबत्ती, जनरेटर, प्रत्येक वेळी उजेड वाढला तो वीणेजवळ, कोठीजवळ, मांडवात. तळाची कड शंभर वर्षे अंधारातच होती. सोलरची निवड त्या बैठकीत सुरू झाली, आणि ती पॅनलच्या किमतीवरून नव्हे तर, रात्रभर चार दिवे कडेला जळले पाहिजेत, या मागणीवरून सुरू झाली.

दहा वर्षांपूर्वी ही मागणी पुरी करता आली नसती. साठ वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देतो तेवढा आज नऊ वॅटचा एलईडी देतो. पांढरा एलईडी ज्या निळ्या एलईडीवर उभा आहे, त्याच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल मिळाले, आणि २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेतून तो घरोघर स्वस्तात पोचला. दुसरीकडे पॅनल. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला, तो उन्हाच्या सुमारे सहा टक्के भागाचीच वीज करत होता, आणि सुरुवातीला परवडला तो उपग्रहांना. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्ये सौर घट तयार केला. आज बाजारातले साधे मोनो पॅनल वीस टक्क्यांच्या आसपास असते. दिव्याची भूक सातपट कमी झाली आणि पॅनलची ताकद तिप्पट वाढली, म्हणून हे काम ट्रकच्या टपात बसू लागले.

पहिले पॅनल मात्र विकत घेतलेले नव्हते. एका भाविकाने घरावरून उतरवलेले तीनशे तीस वॅटचे मोठे पॅनल दिंडीला दिले, कुणीतरी स्वस्तातला चार्ज कंट्रोलर जोडला, आणि ट्रॅक्टरची बॅटरी लावली. दोन वाऱ्या ते टपावर मिरवले, पण रात्री बाराच्या आत दिवे मंद. सोलरचा काही उपेग नाही, असे म्हणणाऱ्यांना जोर आला. फलटणच्या तळावर दुसऱ्या दिंडीतल्या एका वायरमन माउलींनी मीटर लावून दाखवले. ते पॅनल बहात्तर घटांचे, भर उन्हात सदतीस-अडतीस व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर देणारे. साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला बॅटरीच्या व्होल्टवर ओढून आणतो, पण अँपिअर तेवढेच राहतात. पावणेनऊ गुणिले तेरा, म्हणजे एकशे पंधरा वॅट. तीनशे तीसमधले दोनशेच्या वर वॅट रोज वाया. शिवाय ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह द्यायला बनवलेली, रात्रभर हळूहळू उपसायला नाही. तिने दोन वाऱ्यांतच मान टाकली. मग ते पॅनल गावच्या मठावर गेले आणि नव्याने विचार सुरू झाला.

या वेळी आधी वही घेतली. काय पेटवायचे, किती वेळ. सात वॅटचे बारा एलईडी, थेट बारा व्होल्टवर चालणारे, म्हणजे इन्व्हर्टर नको, कारण तो रिकामा चालू राहिला तरी वीज खातो. संध्याकाळी सात ते दहा बाराही दिवे, ते झाले अडीचशे वॅटतास. रात्री दहा ते तीन चारच दिवे, बायकांच्या वाटेवर तीन आणि कोठीजवळ एक, ते एकशे चाळीस. पहाटे तीन ते पाच काकड्याच्या आणि आवराआवरीच्या वेळी पुन्हा बारा, ते एकशे सत्तरच्या आत. माइकचा अँप्लिफायर सरासरी चाळीस वॅट धरून तीन तास, एकशे वीस. सगळे मिळून सातशेच्या आत आले. सगळ्यांचे चेहरे खुलले. मग कुणीतरी विचारले, आणि मोबाईल?

मोबाईलचा आकडा काढल्यावर मंडळी गप्प झाली. एका फोनची बॅटरी पंधरा वॅटतासांच्या घरात. दिंडीत फोन शंभराच्या वर, पण साठच धरले तरी नऊशे. म्हणजे सगळा तळ, कीर्तन, कोठी आणि बायकांची वाट मिळून जेवढे खातात त्याहून फोन जास्त खातात. तिथे ठराव झाला तो आजही पाळतो : फोन दिवसा, ऊन असताना, एका कुटुंबाचा एक. सूर्य मावळला की चार्जिंगची पेटी बंद. रात्रीची बॅटरी दिव्यांची. तरुण पोरे कुरकुरतात. कुरकुरू द्या.

तीस फोन धरून दिवसाची गरज साडेअकराशे झाली. बॅटरीत भरताना, काढताना, तारांत आणि उष्णतेत जाणारे धरून सोळाशे. आता ऊन किती? एप्रिलमध्ये आपल्याकडे पूर्ण ताकदीचे ऊन सहा तासांहून जास्त मिळते, आषाढीच्या दिवसांत मात्र साडेतीन धरलेले बरे. सोळाशे भागिले साडेतीन, म्हणजे साडेचारशे-पाचशे वॅट. ट्रकच्या केबिनवरची जागा मोजली. एकशे पासष्ट वॅटची, छत्तीस घटांची तीन पॅनल शेजारी शेजारी ठेवली की सुमारे दोन मीटर बाय दीड मीटर जागा लागते. तेवढी होती. टँकरवर लावा, त्याचा माथा रिकामाच असतो, असेही एक मत होते. पण टँकर पाणी भरायला जातो तेव्हा बॅटरीही त्याच्याबरोबर जाते आणि तळ अंधारात राहतो, म्हणून ते सोडले.

छत्तीस घटांचीच का, हे सांगायला हवे, कारण दुकानात गेले की मोठे पॅनल वॅटमागे स्वस्त दिसते आणि मोह होतो. प्रत्येक घट अर्धा व्होल्ट देतो, छत्तीसचे अठरा. उन्हात पॅनल तापले की व्होल्ट उतरतात, अठराचे साडेपंधरा होतात. बॅटरी भरायला चौदा-साडेचौदा हवेत. म्हणजे हे माप बारा व्होल्टच्या बॅटरीसाठीच बेतलेले, साधा कंट्रोलर लावला तरी थोडेच वाया जाते. घरावरचे मोठे पॅनल लावायचे तर एमपीपीटी नावाचा महागडा कंट्रोलर लागतो, तो जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलतो. ज्यांच्याकडे तसे पॅनल आधीच आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. आमच्याकडे बिघडला तर वाटेत दुरुस्त होईल असे साधे हवे होते.

पॉली की मोनो हा वाद जागेचा आहे. पॉली जरा स्वस्त, पण त्याच वॅटला जागा जास्त. केबिनवर जागा मोजकी म्हणून मोनो. वाकणारी, चिकटवायची पातळ पॅनलही पाहिली. हलकी असतात, पण पत्र्याला चिकटली की खालून हवा नाही आणि तापतात, आणि सिलिकॉन पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे चार दशांश टक्का वीज गमावते. आषाढातही केबिनवरचे पॅनल साठ अंशांपर्यंत जाते, म्हणजे सातवा हिस्सा तिथेच गेला. म्हणून काचेचीच घेतली आणि लोखंडी अँगलची चौकट करून पत्र्यापासून चार बोटे वर उचलली. चालत्या ट्रकला खालून वारा लागतो.

दुकानातली एक गोष्ट सर्व दिंड्यांनी लक्षात ठेवावी. स्टिकरवर वॅट काहीही छापता येतात, पॅनलचे क्षेत्रफळ लपवता येत नाही. भर उन्हात एका चौरस मीटरवर हजार वॅट पडतात, त्याचे वीस टक्के दोनशे. दोन फूट बाय दीड फुटाचे पॅनल कुणी शंभर वॅटचे म्हणून दाखवले तर टेप लावा. ते पंचावन्नच्या वर जात नाही. आम्ही टेप घेऊनच गेलो होतो. पहिल्या दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पॅनल कलते ठेवावे की आडवे, यावर बरीच चर्चा झाली, कारण गावात सगळी पॅनल दक्षिणेला कललेली दिसतात. पण वारीच्या दिवसांत आपला सूर्य दुपारी डोक्यावरच असतो. पंढरपूर साडेसतरा अंशांच्या थोडे वर, आणि जूनअखेर सूर्य तेवीस अंशांवर. उलट तो किंचित उत्तरेलाच जातो. तेव्हा आषाढीला पॅनल आडवे हेच बरोबर, फक्त पाणी-धूळ वाहून जाण्यापुरता उतार ठेवावा. कार्तिकीला गोष्ट वेगळी. तेव्हा सूर्य माध्यान्हीलाही डोक्यापासून छत्तीस अंश दक्षिणेला असतो आणि आडव्या पॅनलचे दुपारी वीस टक्के नुकसान होते. म्हणून चौकटीच्या एका बाजूला बिजागरी आहेत. कार्तिकीत तळावर ट्रक लावला की दक्षिणेचे तोंड पाहून चौकट उचलायची आणि टेकू द्यायचा.

सावलीचे मात्र कुणालाच आधी पटत नव्हते. पॅनलमधले घट माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. दोन घटांवर सावली पडली की त्या भागाचा सगळा प्रवाह अडतो. पॅनलमध्ये त्यासाठी आडवाट दिलेली असते, तिला बायपास डायोड म्हणतात, पण छत्तीस घटांच्या पॅनलमध्ये अशा दोनच असतात, म्हणजे एवढ्याशा सावलीने अर्धे पॅनल जाते. आणि आपल्या ट्रकच्या केबिनवर काय होते? भगवी पताका. दांडीची बोटभर सावली दिवसभर पॅनलांवरून फिरायची. पताका मागे घ्या म्हणायला कुणाची जीभ उचलेना. शेवटी विणेकरी बुवाच म्हणाले, "पताका मागच्या फाळक्याला लावा. मागनं येणाऱ्याला दिसायला पाहिजे, देवाला कुठूनबी दिसती." तिन्ही पॅनल समांतर जोडली आहेत तीही याचसाठी, एकावर झाडाची सावली आली तरी बाकी दोन चालू राहतात.

तळावर ट्रक कुठे उभा करायचा, हा तंटा अजून मिटलेला नाही. ड्रायव्हरला झाड हवे, पॅनलला ऊन. पालखी मार्ग चौपदरी झाल्यापासून वाटेवरची जुनी वडा-पिंपळाची सावली पुष्कळ गेली, त्यामुळे जिथे झाड आहे तिथे माणसांनी बसावे हे खरेच. ट्रक उन्हात.

तारांवर पैसे वाचवू नयेत. बारा व्होल्टमध्ये तारेत दीड-दोन व्होल्ट गेले तर उरले काय? पंधरा अँपिअर दहा मीटर नेताना अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत दोन व्होल्टच्या वर जातात, सहाच्या तारेत एकाच्या आत. आम्ही टपापासून बॅटरीपर्यंत त्याहून जाड तार घेतली, आणि ती जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल, सोडवताना उलटे. ही ओळ पेटीच्या झाकणावर रंगवून ठेवली आहे, कारण दर वर्षी जोडणारे हात बदलतात.

बॅटरी दीडशे अँपिअरतासांची ट्युब्युलर घेतली. पन्नास-साठ किलोची. ती अर्ध्यापर्यंतच उपसायची, म्हणजे नऊशे वॅटतास, एक रात्र निभावते. दोन दिवस झड लागली तर? इथे तो वद्य पक्ष पुन्हा आडवा आला. आळंदीहून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असली पाहिजे, आणि लोणंदपर्यंत माइक ट्रकच्या इंजिनावर, नाहीतर बंद. ढगाळ दिवशी पॅनल चौथाई-पाचवा हिस्साच देते. अशा रात्री मांडवातले दिवे निम्मे होतात, कडेचे चार होत नाहीत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. परतल्यावर २०२२ मध्ये पहिल्या आठवड्यात बुवांनी माइकशिवाय कीर्तन केले आणि लोक जवळ सरकून बसले.

ॲसिडची बॅटरी भरताना हायड्रोजन सुटतो, म्हणून ती कोठीच्या गॅसशेगडीपासून लांब, जाळीच्या पेटीत, पट्ट्याने आवळून. आणि तिचा खरा शत्रू म्हणजे रिकामपण. वारी अठरा-वीस दिवसांची, बाकी अकरा महिने पडून राहिली तर आत सल्फेट धरते आणि पुढच्या वारीला ती नावापुरती उरते. म्हणून एकादशी करून परत आलो की पॅनल, बॅटरी, दिवे मठात उतरतात. रोजचा हरिपाठ त्या दिव्यांत होतो आणि बॅटरी वर्षभर भरत-उतरत राहते. ट्युब्युलरला आठवणीने डिस्टिल्ड वॉटर घालणे हे काम सध्या ज्या मुलाकडे आहे तो ते तुळशीला पाणी घातल्यासारखे करतो.

पुढचा विचार लिथियम बॅटरीचा आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअरतासांची बॅटरी बारा-तेरा किलोची, आणि तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के वापरता येतात. पडून राहायची असेल तर अर्धी भरून ठेवायची एवढेच पथ्य. वजनाचा प्रश्न सुटेल, पहिल्या आठवड्याला दुसऱ्या रात्रीचा आधार होईल. किंमत अजून जड आहे. शताब्दीच्या निधीतून ती घ्यावी असा एक प्रस्ताव आहे, आणि त्याच पैशात मोठे स्पीकर घ्यावेत असा दुसरा. बैठक गुढीपाडव्यानंतर होईल. आक्कांना पुढे बसायला सांगितले आहे.